न निजणारे पाय

काशम्माला आपल्या दुखण्याचं नाव सांगता येत नव्हतं. नाव राहू द्या, त्याला दुखणं तरी म्हणावं का, इथूनच तिची अडचण सुरू व्हायची. पाय दुखत नव्हते, ठणकत नव्हते. सूज नाही, जखम नाही, कुठं साधा लालसर डागही नाही. दिवसभर ते शहाण्यासारखे वागत. नवी पेठेतल्या त्या अरुंद घराचा जिना ती दिवसातून कितीतरी वेळा चढायची-उतरायची. खाली दुकानात नवऱ्याला चहा नेऊन द्यायची, वर येऊन भाकऱ्या थापायची, आणि पाय मुकाट बरोबर असायचे. पण उन्हं कलली, पेठेतले दिवे लागले, हातातलं काम सरलं आणि ती भिंतीला टेकून बसली, की पोटऱ्यांच्या आत, पार हाडाजवळ, काहीतरी जागं व्हायचं.

मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या कातडीवर येतात. हे आत होतं. कधी वाटायचं, हाडातून बारीकसा झरा वाहतोय आणि त्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही. कधी वाटायचं, कुणी आतून रेशमाचा धागा ओढतंय, सावकाश, न तोडता. ती पाय लांब करायची, जवळ घ्यायची, एकावर एक दाबून धरायची. शेवटी उठायचीच. उठून चार पावलं टाकली की सगळं विरून जायचं, जसं काही नव्हतंच. बसली की पुन्हा सुरू.

मग ती गच्चीवर जायची. गच्ची लहान होती, पण तिथून गिरणीचं धुराडं दिसायचं, आणि वारा तळ्याकडून वाहत असला तर त्याला शेवाळाचा गार वास असायचा. दूर कुठंतरी मागांचा खटखटाट चाललेला असायचा. त्या ठेक्यावर काशम्माची पावलं आपोआप पडायची. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, आणि परत. चालता चालता तिचं मन सैल व्हायचं. झोप अपुरी असलेल्या माणसाला उभ्या उभ्या स्वप्नं पडतात, तशी तिला पडायची. गच्ची लांबत जायची. कठडा मागं राहायचा, पेठ मागं राहायची, आणि ती अक्कलकोटाकडच्या आपल्या माहेरच्या रानात चालत असायची. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी ज्वारी, पायाखाली काळी, भेगाळलेली जमीन. त्या भेगांतून येणाऱ्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. मग कुणीतरी खालून हाक मारायचं आणि ज्वारी पुसून जायची.

हे दुष्काळ सरला त्या वर्षापासून चाललं होतं. आधी आठवड्यातून एखादी संध्याकाळ, मग रोज. अंथरुणावर पडल्यावर तर फारच. पहाटे पहाटे कुठं डोळा लागायचा, तोवर नळाला पाणी यायची वेळ झालेली असायची.

तिच्या नवऱ्याचं, कल्लप्पाचं, घराखालीच खणांचं आणि इरकली लुगड्यांचं दुकान होतं. माणूस कमी बोलणारा. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं लुगडी उलगडून त्याचे शब्द संपून जात असावेत. पण संध्याकाळी हातपाय धुऊन, कपाळाला भस्म लावून तो जेवायला बसला, की त्याला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटायच्या. अमक्या बाईनं सगळं दुकान पालथं घातलं आणि काहीच न घेता गेली, तमक्याची पोरगी लग्नाला आली. काशम्मा समोर बसून ऐकायला लागायची. तो अर्ध्यावर आला की तिचा चेहरा बदलायचा, नजर त्याच्यावरून सुटायची, आणि ती उठून जायची.

"बस की जरा," तो म्हणायचा.

"आले हं," असं म्हणून ती जी जायची ती गच्चीवर.

काही दिवसांनी त्यानं सांगणं सोडून दिलं. जेवण झालं की तो परत दुकानात जाऊन बसायला लागला. काय करायचा तिथं कोण जाणे. खालून दिव्याचा उजेड गल्लीत पडलेला तिला वरून दिसायचा.

घरात मुलगी होती, नीलम्मा. एकोणिसावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात तिला बघायला पाहुणे आले, आणि तिथंच गोष्ट हाताबाहेर गेली.

पाहुणे दुपारी यायचे ते संध्याकाळी आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आत्या चंद्रव्वा मोठी रुबाबदार बाई होती, सगळी बोलणी तिच्याच हातात. ती नीलम्माला स्वयंपाकाचं, शिवणाचं विचारत होती. काशम्मा दाराशी बसली होती. पाच मिनिटंही झाली नसतील, पोटऱ्यांत झरा सुटला. ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली. परत बसली. मग पान-सुपारीसाठी उठली. मग काहीच निमित्त न करता उठली. आतल्या खोलीत चार फेऱ्या मारून आली. बसली आणि पुन्हा उठली.

चंद्रव्वा बोलता बोलता थांबली. "बाईंना बसायला सांगा की," ती कल्लप्पाला म्हणाली. "आमी काय परके हाय व्हय? का आमचं बोलणं आवडंना झालंय?"

"तसं न्हाय अव्वा," काशम्मा घाईनं म्हणाली. "माझे पाय..."

"पायाला काय झालं?"

काशम्मा सांगायला गेली, आणि तिला शब्दच मिळेनात. झरा म्हणावं की धागा? सगळे तिच्याकडं बघत होते. "पायांना बसवत न्हाय," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

चंद्रव्वानं आपल्या भावाकडं, मुलाच्या बापाकडं, बघितलं. भावानं चपला शोधल्या. "कळवतो," असं म्हणून मंडळी उठली. आठवड्यानं निरोप आला की मुलाला आत्ताच लग्न करायचं नाही. पण पेठेत गोष्टी लपत नाहीत. पोरीच्या आईच्या अंगात काहीतरी आहे, एका जागी ठरत नाही, असं कुणीतरी कुणाला सांगितलं, ते फिरत फिरत दुकानापर्यंत आलं.

त्या दिवशी नीलम्मानं आईच्या पोटऱ्यांना तेल लावून बराच वेळ रगडलं, गरम मिठाच्या पाण्याची बादली आणून पुढं ठेवली. पाणी निवेपर्यंत बरं वाटलं. नंतर परत तेच.

"डॉक्टरला दाखवू की अव्वा," नीलम्मा म्हणाली.

"डॉक्टरला काय सांगू? सांगताच येत न्हाय."

"मला सांगतीस तसंच सांग."

डॉक्टर सिद्धाराम बिराजदारांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. पुढं बाकं, मागं औषधांची कपाटं, आणि खिडकीपाशी बाटल्या भरणारा बाळासो कंपाउंडर. डॉक्टर पन्नाशीचे, अंगानं जाड, आवाजानं मऊ. ओळखीच्या बायकांना ते अक्का म्हणायचे. त्यांनी काशम्माचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघितली, टाचांवरून सुई फिरवून बघितली.

"नसा चांगल्या आहेत," ते म्हणाले. "अशक्तपणा असेल. कॅल्शियम देतो, आणि ताकदीच्या गोळ्या."

गोळ्यांनी लघवी हळदीसारखी पिवळी झाली, एवढाच फरक पडला. मग सुया झाल्या, लालभडक औषधाच्या. त्यांनी भूक वाढली. पाय होते तसेच.

"मग आता झोपच आणू या," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी झोपेची बारीक पांढरी गोळी दिली. अर्धीच घ्यायची, जेवणानंतर.

ते पंधरा दिवस काशम्माला पुढं कधी नीट आठवले नाहीत. गोळी जिभेवर विरघळायची आणि डोक्यात कापूस पिंजल्यासारखं काहीतरी भरून यायचं. पण पाय त्या झोपेत सामील होत नसत. ती झोपायची आणि पाय जागे राहायचे. तिला स्वप्न पडायचं की ती झोपली आहे आणि आपल्याच पायांना बाहेर जाताना बघते आहे. ते जिना उतरतात, बंद दुकानांच्या फळ्यांसमोरून चालतात, आणि ती हाका मारते तर आवाज फुटत नाही. दिवस उजाडला तरी तो कापूस निघायचा नाही. सगळी पेठ पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. रिक्षा आवाज न करता सरकायच्या. माणसं ओठ हलवायची आणि शब्द मागाहून यायचे. तिनं आमटीत मिठाच्या जागी साखर घातली. नीलम्माला तीनदा एकच गोष्ट सांगितली. एका सकाळी चहाचा कप घेऊन उतरताना जिन्याची पायरी तिला दोन ठिकाणी दिसली, आणि जी नव्हती तीवर तिनं पाय ठेवला. कोपर सोलवटलं. कल्लप्पा दुकानातून धावत आला, तिला उचलून बसवलं, आणि बराच वेळ तिच्या हातावर हात ठेवून तिथंच पायरीवर बसून राहिला.

गोळी बंद झाली.

पावसाळ्यात तिला सर्दी झाली. बाळासोनं गुलाबी रंगाचं सर्दीचं औषध दिलं. नाक सुकलं, गुंगी आली, पण त्या संध्याकाळी पायांनी असा काही धुमाकूळ घातला की तिला रडू फुटलं. बसणं राहिलं बाजूला, उभं राहवेना. ती कपडे धुवायच्या दगडावर पाय आपटत राहिली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते चमकले. "सर्दीच्या औषधानं वाढलं? नक्की?" त्यांनी ते लगेच थांबवायला लावलं. सर्दी गेली, मागं कोरडा खोकला राहिला. त्यासाठी त्यांनी दुसरी बाटली दिली. तपकिरी, दाट औषध, बाटलीला कडेनं मात्रेच्या कातरलेल्या कागदी खुणा.

त्या बाटलीनं जे झालं, ते काशम्मानं कुणालाच सांगितलं नाही.

दिवेलागणीला तिनं एक खूण औषध घेतलं आणि सवयीनं गच्चीवर गेली. फेऱ्या मारता मारता तिच्या ध्यानात आलं की आपण उगाच चालतोय. ती थांबली. वाट बघितली. पाय गप्प होते. ती कठड्याला टेकून खाली बसली, घाबरत घाबरत, तान्हं मूल निजलंय आणि आवाज होऊ नये तशी. पोटऱ्यांत काही नव्हतं. झरा आटला होता. त्याजागी एक ऊब हळूहळू वर चढत होती, गुडघ्यांतून मांड्यांत, पोटात, डोळ्यांच्या मागं. धुराड्याचा धूर आभाळात सरळ उभा होता आणि त्याची कड सोनेरी झाली होती. पाखरं तळ्याकडं परतत होती. काशम्माला वाटलं, किती वर्षांत आपण संध्याकाळ बसून बघितली नाही. चालताना बघितलेली संध्याकाळ निराळी, ती सारखी हलते. ही जागच्या जागी होती. ज्वारीचं रान आज आपण होऊन गच्चीवर आलं, तिच्या भोवती उभं राहिलं आणि वाऱ्यानं वाकलं. ती तशीच बसल्या जागी निजली.

जाग आल्यावर खाली येऊन ती कल्लप्पासमोर बसली. तो जेवत होता. त्याचं जेवण संपलं तरी ती बसलेलीच होती. त्यानं दोनदा तिच्याकडं बघितलं. मग खाकरून म्हणाला, "आज लातूरकडचं एक गिऱ्हाईक आलतं..." आणि पार शेवटपर्यंत सांगितलं.

खोकला आठवड्यात गेला. पण काशम्मा दवाखान्यात खोकतच गेली. बाळासोनं दुसरी बाटली भरून दिली. नंतर तिसरी. एक खूण पुरेनाशी झाली, ती दीड घ्यायला लागली. पोट घट्ट झालं, जेवणावरची वासना उडाली, दुपारीच जांभया यायला लागल्या. बाटलीत औषध किती उरलंय हे ती उजेडासमोर धरून बघायची, आणि बघताना छातीत धडधडायचं. पण संध्याकाळ आली की सोनेरी ऊब यायची, आणि तिला बाकी कशाची फिकीर उरायची नाही.

चौथ्या वेळी बाळासो बाटली भरायला वळला, आणि थांबला. "काकी, छाती तपासून घ्या की एकदा. एवढा खोकला बरा न्हाय," असं म्हणून त्यानं तिला आत पाठवलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. पाठीला लावली. श्वास घ्या, सोडा. मग नळी गळ्यात ठेवून ते खुर्चीत मागं टेकले.

"अक्का, छाती तर साफ आहे."

काशम्मा पदराशी चाळा करत बसली. खोटं खोकायचं तिनं ठरवलं, पण घशातून खोकला आलाच नाही. "खोकला न्हाय," ती म्हणाली. "त्या औषधानं पाय निजत्यात."

डॉक्टर रागावले नाहीत. "निजणारच," ते म्हणाले. "त्यात अफूच्या कुळातलं औषध आहे. थोडंसंच, खोकला दाबण्यापुरतं. तुम्हाला उतार पडला तो खरा आहे, मनाचा खेळ नाही. पण आज दीड खूण घेता, उद्या दोन लागतील, मग तीन. मग पाय राहतील बाजूला आणि बाटलीच तुम्हाला चालवेल."

"पण आणिक कशानंच बरं वाटंना झालंय, डॉक्टर. मी काय करू?"

ती रडायला लागली. डोळे पुसायला तिनं तोंड वर केलं, आणि डॉक्टर पुढं वाकले. त्यांनी तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. मग दुसरी. मग हात मागितला. नखं पांढरट होती, आणि मधे चमच्यासारखी खोलगट.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "सगळं लक्ष पायांकडं राहिलं. अक्का, एक विचारतो, लाजू नका. पाळी कशी येते?"

दाराशी पडदा होता. बाहेर बाकावर नीलम्मा बसली होती. काशम्मानं मान खाली घातली. हे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. बाईच्या जातीला असायचंच, असं धरून तिनं ते कधीचं पदराआड टाकलं होतं.

"लई जातं," ती पुटपुटली. "आठ-आठ दिवस. गाठीच्या गाठी."

"कधीपासून?"

"दुष्काळ सरला तवापासून."

"आणि पायांचं?"

काशम्मानं मान वर केली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आपल्या घरात शिरल्या हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"माती खावीशी वाटते का?" डॉक्टरांनी विचारलं.

आता मात्र तिचा हात कनवटीकडं गेला. तिथं नव्या मडक्याची खापरी होती. दुपारी सगळे झोपले की ती तिचा तुकडा तोडून दाढेखाली धरायची. पाणी लागलं की काय वास सुटायचा तिचा! तिनं खापरी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर हसले, पण तिला हसले नाहीत.

"आमचे एक सर होते," ते म्हणाले, "ते सांगायचे, रक्त फिकट दिसलं की पायांचं विचारा, आणि पाय नाचायला लागले की रक्त बघा. परीक्षेपुरतं लिहून ठेवलं आणि विसरलो. रक्तातलं लोह सरलं की कुणाकुणाच्या पायांना असं होतं. तुमचं लोह दर महिन्याला वाहून जातंय. माती मागतंय ते तुमचं रक्त."

रक्त तपासलं. असायला हवं त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. डॉक्टरांनी नीलम्मालाही आत बोलावून सगळं नीट समजावलं. लोहाच्या गोळ्या द्यायच्या, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहा मात्र त्यांच्या आगेमागे नाही. शौचाला काळं होईल, भ्यायचं नाही. खोकल्याची बाटली हळूहळू कमी करून बंद. आणि पाळीसाठी बाईडॉक्टरला दाखवायचंच, नाहीतर एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं सांडायचं.

"किती दिवसांत गुण येईल?" नीलम्मानं विचारलं.

"दिवसांत नाही, महिन्यांत. याला घाई चालत नाही."

गोळ्यांनी तोंडाला गंजक्या खिळ्याची चव आली. दोन दिवस पोटात ढवळलं, तिसऱ्या दिवशी उलटी झाली. पंधरा दिवस असे गेल्यावर शेवटी डॉक्टरांनी लोहाच्या सुया द्यायचं ठरवलं. आधी थेंबभर टोचून अर्धा तास बसवून ठेवलं, अंगावर काही उठत नाही ना ते बघितलं. मग एक दिवसाआड कुल्ल्यात खोल सुई. काळसर तपकिरी औषध, चिंचेच्या कोळासारखं. सुईच्या जागी कातडीवर डाग पडले, ते पुढं गेलेच नाहीत.

खरे कठीण दिवस होते ते बाटली सुटल्याचे. सोनेरी ऊब गेली आणि तिच्यामागं पाय दुप्पट चवताळून उठले. अंगाला घाम, नाकाला पाणी, जिवाची नुसती तगमग. संध्याकाळ झाली की ती गच्ची गाठायची.

अशाच एका संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. तिला वाटलं नीलम्मा. पण कल्लप्पा होता. दुकान तसंच टाकून आला होता, खांद्यावर मोजायची कापडी फीत लोंबत होती. तिच्या बरोबरीनं चालायला लागला. कठड्यापर्यंत गेले, वळले, परत आले. तिचं पाऊल चटचट पडायचं, त्याचं जड. थोड्या वेळानं त्याला दम लागला.

"तुमी बसा की," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

आणखी एक फेरी झाली. मग तो समोर बघतच म्हणाला, "पोरीनं सांगितलं मला. रक्ताचं, सगळं."

काशम्मा कठड्यापाशी वळली.

"मला वाटायचं, मी बोलायला लागलो की तू उठून जातीस. माझा कंटाळा आलाय तुला."

ती जागीच थांबली. पाय आतून ओरडत होते, तरी थांबली. "अहो, काय बोलताय हे? त्यापायीच खाली जाऊन बसत व्हता व्हय?"

"मग काय करू? समोर बसलेलं माणूस उठून जातं. एकदा न्हाय, रोज."

"मला ऐकायचं असायचं वो. पाय बसू देत नव्हते."

"आता कळलं की," तो म्हणाला. "चल. थांबू नको, तरास होईल." आणि त्यानं तिचा हात धरला. लग्नाला वीस वर्षं उलटून गेल्यावर, उघड्या गच्चीवर, शेजारच्या गच्चीत बाया वाळलेले कपडे काढत असताना. ती शरमली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. चालता चालता त्यानं तिला बरंच काही सांगितलं. दुकानातलं, आपल्या लहानपणचं, मेलेल्या भावाचं, जे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अंधार हळूहळू निळा होत गेला. तिला वाटलं, गच्ची पेठेवरून सुटून तरंगत चालली आहे आणि आपण दोघं तिच्यावर असेच चालत कुठंतरी लांब निघालो आहोत. त्या रात्रीही तिला झोप थोडीच लागली, पण जागं राहणं नेहमीसारखं एकटं वाटलं नाही.

गुण आला तो इतका चोरपावलांनी, की तिला कळलाच नाही. एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की खापरीची आठवण होऊन बरेच दिवस झाले. मग एकदा भाजी निवडताना दिवे लागले, आणि ती निवडतच राहिली. दसरा येता येता जिना चढताना लागणारी धाप गेली. ओठांना रंग आला. बाईडॉक्टरनं गर्भाशयात गाठ असल्याचं सांगितलं होतं. रक्त जरा भरल्यावर, दिवाळीनंतर, ऑपरेशन झालं. काशम्मा फार घाबरली होती, पण निभावलं. पाय अगदीच साधू झाले असं नाही. फार दमली किंवा बसून फार वेळ गेला तर आत एखादी तार हलायची. पण तेवढ्यापुरतीच. थोडं चाललं की शांत. झोप मात्र आली. अशी आली की नीलम्मा सकाळी हलवून उठवायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात नीलम्माचं लग्न ठरलं, जेऊरच्या बसप्पाशी. तो तिथल्या शाळेत शिकवायचा. बोलणी सबंध संध्याकाळ चालली, आणि काशम्मानंच बसल्या जागेवरून मानपानाचे दोन मुद्दे सोडवले.

लग्नानंतर काही महिन्यांनी नवरा-बायको लेकीला भेटायला निघाले. दुपारची पॅसेंजर होती, गर्दी बेताची. काशम्माला खिडकी मिळाली. गाडी सुटली तशी माळरानं मागं सरकायला लागली. वाळलेलं गवत, एखादी बाभळ, मेंढरांचा कळप आणि त्यामागं काठी घेतलेला माणूस, उन्हात थरथरणारा. चाकांचा आवाज एका लयीत होता. कल्लप्पा तिला सांगत होता की जावई भला माणूस आहे पण जरा अबोल आहे.

"तुमच्यावर गेलाय," काशम्मा म्हणाली. मग तिची मान त्याच्या खांद्यावर आली.

कल्लप्पा हलला नाही. तिचे पाय समोरच्या बाकाखाली लांबवलेले होते, जोडव्यांसकट, अगदी स्वस्थ. वारा तिचे केस उडवत होता. स्टेशनं येत होती, जात होती. कुर्डुवाडीला चहावाल्यानं खिडकीशी आरोळी ठोकली, तेव्हा कल्लप्पानं ओठांवर बोट ठेवून त्याला पुढं जायला सांगितलं.

जेऊर आलं. फलाटावर बसप्पा उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, डबे शोधत. कल्लप्पानं त्याला बघितलं. खिडकीतून एक हात बाहेर काढून हलवला. बसप्पा धावत आला.

"उतरा की मामा! गाडी लई थांबत न्हाय हितं."

"हळू," कल्लप्पा कुजबुजला. "निजलीय."

बसप्पानं खिडकीतून आत बघितलं, मग सासऱ्याकडं. गाडीनं शिट्टी दिली.

"आमी पुढच्या स्टेशनाला उतरतो," कल्लप्पा म्हणाला. "येतो परतीच्या गाडीनं. नीलाला सांग, जेवून घे म्हणावं."

गाडी हलली. बसप्पा थोडं अंतर बरोबर चालत आला आणि मग मागं राहिला. पुढं उघडं रान होतं, त्यावर ढगांच्या सावल्या सावकाश चालल्या होत्या. काशम्मा झोपेतच काहीतरी पुटपुटली. कल्लप्पानं तिच्या डोळ्यांवर येणारं ऊन अडवायला आपला टॉवेल खिडकीच्या गजाला बांधला, आणि तो सैल होऊ नये म्हणून त्याचं टोक हातात धरून बसला.